जुन्या इंटरनॅशनल बी-२७५ च्या मागच्या रिंगा गंजल्यात, दुरुस्त करू की बदलू?

मौदेकर
४ मे, रात्री ९:४०

राम राम मंडळी. नोकरी नागपुरात, शेत मौदा तालुक्यात. आबाजींनी १९७१ साली घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ गोठ्याजवळ नऊ वर्षं उभा होता. मागच्या दिवाळीत पंप आणि नोझल करून इंजिन सुरू केलं, पहिल्या दहा मिनिटांत सगळं गाव गोळा झालं. आता पोळ्याला सजवून काढायचा बेत आहे. शेतात फार राबवायचा नाही. हलकी वखरणी, ट्रॉलीला कधीमधी, एवढंच.

अडलंय चाकांवर. पुढच्या दोन्ही रिंगांच्या कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या झाल्यात. मागची डावी वरवर तांबडी आहे, घासली तर निघेल असं वाटतं. मागची उजवी मात्र पाहवत नाही. हवा भरायच्या वॉलच्या भोकाजवळ हाताच्या पंज्याएवढ्या जागेत पापुद्रे सुटलेत. पेचकस सहज दाबला तर आरपार गेला आणि आतून पाण्याची बारीक धार आली. टायरात वजनासाठी पाणी भरलेलं आहे हे तेव्हा कळलं.

हायवेवरचा पंचरवाला म्हणाला, भंगारात टाका. एक वेल्डिंगवाला म्हणाला, घेऊन या, टायर काढायचीही गरज नाही, वरून पत्रा मारून देतो. बाबा म्हणतात, मूळ रिंग जाऊ द्यायची नाही. माझं डोकं चालेनासं झालंय.

बांधीवाला
४ मे, रात्री १०:०५

भाऊ, टायर न काढता वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याले पहिले हात जोड अन् वापस ये. मजाक नाही करून राह्यलो. आमच्या मामाच्या गावी ट्रॉलीच्या रिंगले असंच टायरसकट वेल्डिंग मारलं होतं. हवा काढली होती म्हणे. दहा मिनिटानं टायर फुटलं, रिंग टिनाचं छप्पर फोडून पलीकडच्या वावरात. मानूस वाचला कारण थो तंबाकू घ्याले उठला होता.

मेस्त्री_हिंगणा
४ मे, रात्री १०:५०

बांधीवाला भाऊ बरोबर बोलले, फक्त कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी ‘हवा काढली की झालं’ म्हणणार नाही. रिंग तापली की आतलं रबर भाजायला लागतं आणि त्यातून पेटणारा वायू निघतो. बंद टायरात तो साचतो. हवा काढून वॉलची पिन परत लावली असेल तर दाब वाढतच जातो. पिन काढलेली असली तरी आतला वायू पेट घेऊ शकतो. म्हणून टायर रिंगेवरून पूर्ण उतरल्याशिवाय रिंगला वेल्डिंगची काडी लावायची नाही. काही जण हे ऐकून मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी तेच करतात.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. टायर उतरवण्याआधी बदलायची की दुरुस्त करायची हे कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. बाहेरून दिसते ती रिंगची पाठ. रिंग जगते की मरते ते आत ठरतं: टायरची तारवाली कड जिथे बसते ती बैठक, आणि वॉलचं भोक. मी बाहेरून सडक्या दिसणाऱ्या रिंगा वाचवल्यात आणि बाहेरून चकचकीत रंगवलेली रिंग आतून चाळणी झालेली पाहिली आहे.

पाणी काढताना वॉल खाली आणा, पिन काढा, हवेच्या जोराने बरंचसं बाहेर येईल. तुमच्या मापाच्या टायरात पाऊण भरलं तर दीडशे लिटरच्या आसपास पाणी असतं, म्हणजे दीडशे किलो वजन फक्त पाण्याचं. चाक उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं आणि ते कलंडलं तर पाय गेला समजा. पुढच्या चाकांना दगड, मागे ॲक्सलखाली लाकडी स्लीपरचे ठोकळे. नुसत्या जॅकवर काम करू नका.

आणि एक. डिस्क (चाकाची मधली तबकडी) आणि रिंग कुठे कशी जोडली आहे त्यावर रंगाने खुणा करून ठेवा. या चाकांत डिस्क उलट-सुलट बसवून आणि रिंगचे लग (डिस्क जोडायचे कान) आत-बाहेर घेऊन चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. खुणा नसल्या तर परत जोडताना एक चाक आत आणि एक बाहेर, असा ट्रॅक्टर तयार होईल.

तर्री_पोहे
५ मे, सकाळी ८:१५

एवढं कशाला? नवीन रिंगा घ्या, चार तासांत काम. पोळ्याला बैलच सजवा, ट्रॅक्टरला शिंगं नसतात.

कन्हानकाठ
५ मे, सकाळी ८:५०

तर्री भाऊ, सकाळी सकाळी पोटात तर्री गेल्याशिवाय लिहीत जाऊ नका.

मौदेकर, एक विचारायचं होतं. उजवंच चाक काहून सडलं? पाणी तर दोन्ही टायरात भरलं असन. उजव्या चाकाले ढोर बांधत होते काय?

मौदेकर
५ मे, सकाळी ९:३०

कन्हानकाठ काका, तुम्ही आमच्या गोठ्यात येऊन गेलात का? कपिली गाय सात वर्षं उजव्या चाकालाच बांधलेली असायची. चाकाच्या डिस्कला दाव्याचा घट्टा पडलाय. ती गेली त्यालाही दोन वर्षं झाली. हे डोक्यातच आलं नव्हतं.

धातुशास्त्र
५ मे, दुपारी १:२०

कन्हानकाठ काकांना सलाम. मी नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकले (बाबा अजूनही जुन्या नावाने व्हीआरसीईच म्हणतात), आणि हे निदान वर्गात कोणी केलं नसतं.

गोमूत्रात क्लोराइडचे क्षार असतात आणि युरिया मोडून अमोनियाही सुटतो. पण नुसत्या ओलीपेक्षा जास्त घात करतं ते ओलं-सुकं, ओलं-सुकं होत राहणं. चाकाचा खालचा भाग रोज भिजणार, दुपारी वाळणार, क्षार तिथेच साठत जाणार. त्यात आतून वॉलच्या भोकातून पाणी झिरपत असेल तर दोन्ही बाजूंनी मार.

थोडी चांगली बातमीही आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पापुद्रा पाच मिलिमीटर जाड दिसला म्हणजे पाच मिलिमीटर लोखंड गेलं असं नाही, त्याच्या बराच खाली पत्रा शिल्लक असू शकतो. म्हणून पापुद्रे बघून घाबरू नका, आणि पेचकस आरपार गेला तिथे आशाही धरू नका.

फक्त एक विनंती. फरशी धुवायच्या ॲसिडने गंज काढा असं कोणीतरी सांगेलच. ते लगच्या फटीत शिरतं आणि धुतलं तरी निघत नाही. ज्या क्लोराइडने रिंग खाल्ली, तेच परत भरून ठेवल्यासारखं होईल.

सध्या_मिनेसोटा
५ मे, रात्री ११:४५

मूळचा सक्करदऱ्याचा, सध्या बर्फात. इथे हा रोग घरोघरी आहे. थंडीत टायरातलं पाणी गोठू नये म्हणून जुने शेतकरी त्यात कॅल्शियम क्लोराइड घालायचे. ट्यूबला बारीक भोक पडलं की ते खारं पाणी रिंगवर, आणि रिंग संपली. आता बरेच जण बीटाच्या साखरेतून उरणारा रस भरतात, तो गोठत नाही आणि गंजवतही नाही. इंटरनेटवर इथले व्हिडिओ पाहून तिकडे कोणी टायरात कॅल्शियम क्लोराइड घालत असेल तर कृपया थांबा. नागपूरची थंडी कितीही बोचली तरी टायरातलं पाणी गोठत नाही. साधं पाणी पुरे. पोळ्याच्या मिरवणुकीला तर तेही नको.

मौदेकर
११ मे, रात्री ८:३०

टायर उतरलं. सांगतो कसं.

रविवारी पहाटे पाचला सुरुवात केली, कारण दहानंतर अंगणात हात लावाल ते लोखंड चटका देतं. पिन काढल्यावर पाणी आलं ते आधी काळं, मग तांबडं, मग काढ्यासारखं. दोन्ही बादल्या भरून नालीला लागलं. टायरची कड रिंगला इतकी चिकटली होती की दोन सब्बल आणि घन घेऊन तीन जण दीड तास ठोकत होतो. शेवटी शेजारच्या दादांनी त्यांच्या ट्रॅक्टरचं पुढचं लोडर हळूच टायरच्या कडेवर टेकवलं, तेव्हा ‘खाडकन्’ सुटली. आतून निघालेला गंज मोजला नाही, पण घमेलं भरलं. ट्यूबवर वॉलच्या आजूबाजूला चार जुन्या चिकट्या, एकावर एक. म्हणजे आबाजींच्या काळापासून हे पापुद्रे ट्यूब टोचत होते आणि आपण पंचरवाल्याला दोष देत होतो.

मेस्त्रीकाकांनी म्हटलं तसं आत पाहिलं. डाव्या रिंगची बैठक साबूत. उजवीची, वॉलच्या भोकाच्या एका बाजूला एक वीत आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं, एवढा तुकडा गेलेला. बाकी सगळी रिंग हातोडीने ठोकून पाहिली. चांगल्या जागी ‘टण्ण’ वाजतं, सडलेल्या जागी मडक्यासारखं. मुलीने खडूने सीमारेषा आखली. गणपतीच्या चौरंगापुढे रांगोळी काढावी तशी, एकाग्रतेने.

दोन लगच्या वेल्डिंगखालीही गंज शिरलाय, पण ठोकल्यावर आवाज चांगला आहे.

मेस्त्री_हिंगणा
११ मे, रात्री ९:१५

मग उत्तर मिळालं. डावी ठेवा, घासून रंगवा. उजवीला तुकडा बदलता येईल, कारण नुकसान एकाच जागी आहे. हेच नुकसान पूर्ण घेराला असतं, किंवा डिस्क जोडायच्या लगपैकी एखादा निघून आला असता, तर मी बदला म्हटलं असतं, बाबा कितीही रुसले तरी.

पुढच्या रिंगांवर एक रुपयाही वेल्डिंगचा घालू नका. ६.००-१६ चं माप आजही सगळीकडे चालतं, नव्या रिंगा सहज मिळतात. पुढच्या चाकावर स्टिअरिंग असतं, तिथे जुगाड नको. फक्त जुनी रिंग दुकानात नेऊन नटांच्या भोकांची संख्या, त्यांची गोलाई आणि मधलं भोक जुळवून घ्या. ‘सगळ्यांना बसते’ म्हणून दिलेली रिंग बहुतेक वेळा कोणालाच बसत नाही.

ऑफिसातला_शेतकरी
१२ मे, दुपारी १२:१०

माझ्या माहितीत कोणाकडे १३.६-२८ ची रिंग पडून आहे, चांगल्या अवस्थेत. दोन्ही २८ इंची, मग बसेलच ना? वेल्डिंगची झंझट नको.

मेस्त्री_हिंगणा
१२ मे, दुपारी १:००

२८ हा झाला व्यास. रुंदीचं काय? मौदेकरांच्या टायरवर काय लिहिलंय ते त्यांनी सांगावं.

मौदेकर
१२ मे, दुपारी १:३०

टायरवर ११-२८ आहे. पण आजकाल या मापाचं टायर दिसत नाही.

मेस्त्री_हिंगणा
१२ मे, दुपारी २:१०

दिसतं, नाव बदललंय. जुनं १०-२८ म्हणजे आजचं ११.२-२८, जुनं ११-२८ म्हणजे आजचं १२.४-२८, जुनं १२-२८ म्हणजे १३.६-२८. दुकानदाराला ‘अकरा अठ्ठावीस’ मागितलं तर तो ११.२-२८ काढून देईल आणि तुम्हाला एक माप लहान टायर मिळेल. खूप जण इथे फसतात.

१३.६ ची रिंग साधारण १२ इंच रुंदीची, तिच्यावर डब्ल्यू १२ असा ठसा असतो. १२.४ च्या टायरला ११ ची योग्य, १० ची चालते. रुंद रिंगवर अरुंद टायर चढवलं की कडा फाकतात, मधली नक्षी चपटी होते आणि टायर बाजूने कमजोर पडतं. शिवाय ऑफिसातले भाऊ, त्या रिंगचे लग या डिस्कला जुळतील कशावरून?

उजवी रिंग घासल्यावर तिच्यावर ठसा सापडेल. तो वाचा. त्याच मापाची भंगार रिंग शोधा, तीही सडकी असली तरी चालेल. आपल्याला तिचा फक्त एक चांगला तुकडा हवाय, त्याच घडणीचा. साधा पत्रा वाकवून ती बैठक आणि तो काठ हाताने करायला गेलात तर पोळा काय, संक्रांतही निघून जाईल.

धातुशास्त्र
१२ मे, संध्याकाळी ६:४५

घासण्याआधी एक पर्याय: विजेने गंज काढणे. सँडब्लास्टिंग करणारे बुटीबोरी, हिंगण्याकडे मिळतील आणि त्यांचं काम लवकर होतं, पण पातळ झालेल्या जागी जोराचा मारा पत्रा आणखी खातो. विजेने फक्त गंज सुटतो, चांगलं लोखंड तसंच राहतं.

रिंग आडवी मावेल असा सुमारे तीन फूट व्यासाचा आणि सव्वा फूट खोल खड्डा खणा. जाड प्लास्टिक अंथरा. अडीचशे लिटरच्या आसपास पाणी लागेल, त्यात धुण्याचा सोडा एक किलोभर. मीठ अजिबात नाही, मिठाने क्लोरीन वायू सुटतो. रिंगला बॅटरी चार्जरची ऋण तार. धन तार खड्ड्याच्या कडेने उभ्या केलेल्या लोखंडी सळ्यांना. सळ्या आणि रिंग एकमेकांना टेकता कामा नयेत. स्टेनलेसचं काहीही सळीऐवजी लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी रूप उतरतं. आणि तारा उलट लावल्या तर गंजाऐवजी रिंगच विरघळेल, म्हणून लावण्याआधी दोनदा बघा.

बुडबुडे येतील, तो हायड्रोजन. काम उघड्यावर करा, जवळ बिडी पेटवू नका. रिंग बाहेर काढायच्या आधी चार्जर बंद.

बांधीवाला
१२ मे, रात्री ९:२०

ताई, आमच्या इथं खड्ड्यात पाणी अन् करंट दिसला का गावातले लोक म्हणतात मासे मारून राह्यले.

मौदेकर
१९ मे, सकाळी ७:१०

खड्डा केला. मासे विचारायला दोघे येऊन गेले.

आधी चार्जरने साथ दिली नाही. नवा स्वयंचलित चार्जर होता, बॅटरी दिसली नाही की तो बंदच राहतो. गावातल्या बॅटरीवाल्याकडून जुना, गरगरणारा चार्जर आणला. दोन दिवस, दोन रात्री. पहिल्या संध्याकाळी पाण्यावर तपकिरी साय जमली, मला वाटलं बिघडलं, पण ताई म्हणाल्या तो गंजच आहे. रिंग काढली तेव्हा काळी होती. नारळाच्या काथ्याने घासली तर काळं निघून खालून राखाडी लोखंड आलं. सळ्यांकडे तोंड असलेली बाजू आधी साफ झाली, मागची नाही. म्हणून उलटी करून आणखी एक दिवस ठेवली.

आणि ठसा सापडला. काठाच्या आतल्या बाजूला, बोटाने चाचपला तर लागतो: डब्ल्यू १०-२८. बाबांनी चष्मा काढून परत घातला आणि तिथे बोट फिरवत बसले.

कन्हानकाठ
१९ मे, सकाळी ९:००

बसणारच. त्या काळी ट्रॅक्टरसाठी नंबर लावून वाट पाहावी लागायची. हा ट्रॅक्टर महिंद्राचा, पण तेव्हा कंपनी वेगळी होती: इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया, १९६३ ची, महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी. १९७७ ला ती महिंद्रात विलीन झाली. म्हणून आमच्याकडे म्हातारे अजून महिंद्राच्या ट्रॅक्टरला ‘इंटरनॅशनल’ म्हणतात अन् पोरं हसतात.

मौदेकर
२६ मे, रात्री १०:००

भंगार रिंग इतवारीत लोहाओळीपासून विचारत विचारत गेलो तर शेवटी वाडीच्या पुढे एका गोदामात मिळाली. डब्ल्यू १०, वॉलच्या बाजूने आमच्यासारखीच सडलेली, समोरची बाजू मात्र ‘टण्ण’. वजनावर दिली.

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झालाय, त्यामुळे वेल्डिंग संध्याकाळी सहानंतर. काम करणारा मुलगा पंचविशीतला, बोलतो कमी. कापण्याआधी त्याने एक गोष्ट केली ती मला सुचली नसती. रिंग डिस्कवर कसलेलीच राहू दिली, आणि खराब तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक अँगल आडवा टाचून घेतला. म्हणाला, नाहीतर कापल्यावर रिंग उघडते, मग परत मिळत नाही. मग टिनाच्या पत्र्यातून फर्मा कापला, तोच भंगार रिंगवर ठेवून तुकडा काढला, चौदा इंचाचा. कानशीने घासून घासून बसवला. फट इतकी बारीक की कागद जेमतेम जाईल.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे काडीऐवजी तार आणि वायूचं. एका जागी इंचभर, मग पलीकडे इंचभर, मग हात लावून बघायचा, गार झालं की पुन्हा. एक सांधा भरायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट थांबण्यात गेला. मी एकदा घाई केली तर म्हणाला, ‘दादा, चहा सांगा.’ सांगितला.

आतल्या बाजूचा वेल्डिंगचा उंचवटा ग्राइंडरने पूर्ण सपाट केला, मग अंगठा फिरवून तपासला. नख अडकलं तर परत. ट्यूब तिथेच टेकते ना. वॉलचं भोक नव्याने पाडलं आणि दोन्ही बाजूंची धार गोल केली.

मग चाक ॲक्सलवर चढवलं, विटेवर खिळा बांधून रिंगच्या काठाजवळ ठेवला आणि हाताने फिरवलं. रिंगचं डोलणं वर-खाली दीड मिलिमीटर, डावं-उजवं तीनच्या आत.

मेस्त्री_हिंगणा
२६ मे, रात्री १०:३५

या वेगाच्या गाडीला हे उत्तम आहे. त्या मुलाला माझ्याकडे पाठवा, मी कामावर ठेवतो.

धातुशास्त्र
२७ मे, सकाळी ८:००

आता उशीर करू नका. उघडं लोखंड हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की भराभर गंजतं. सध्या नागपुरात हवा कोरडी आहे, हे दिवस सोन्याचे. मृग लागला की एका रात्रीत तांबडं होईल. एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, पहाटे, रिंग गार असताना. बैठकीवर पुट्टी अजिबात नको आणि रंगाचे जाड थर नकोत. टायर चढवण्याआधी आठवडाभर वाळू द्या, नाहीतर टायर रंगाला चिकटेल आणि पुढच्या वेळी रंगासकट निघेल.

मौदेकर
८ जून, रात्री ९:०५

झालं! पुढे दोन नव्या रिंगा, मागे दोन्ही जुन्या. रंगाचा वाद घरात चार दिवस चालला. आईला लाल हवा होता, मुलीला चंदेरी. शेवटी एका लगच्या आड जुन्या रंगाची कपची सापडली, पांढरट, तीच दुकानात नेऊन जुळवली.

टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी लावलं. पंचरवाला जळकं ऑइल लावत होता, त्याला थांबवलं, तेलाने रबर फुगतं. नवी ट्यूब, तिला फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड), आणि खाली जुन्या ट्यूबची पट्टी. कड बसेना तेव्हा तो हवा वाढवत चालला होता. ३५ पौंडांच्या वर जायचं नाही हे मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून हवा सोडून, पुन्हा साबण लावून, परत भरली. दुसऱ्यांदा बसली. मग १५ पौंडांवर आणून ठेवली. पाणी भरलं नाही.

आज संध्याकाळी गावातून एक फेरी मारली. बाबा चालवत होते. मागून काढलेला फोटो टाकतोय.

बांधीवाला
८ जून, रात्री ९:२०

काय सुंदर दिसून राह्यला राजे हो! आबाजी असते तर फेटा बांधला असता.

तर्री_पोहे
८ जून, रात्री ९:३०

मानलं. शिंगं लावाच आता. बाकी त्या चौदा इंची तुकड्याचा फोटो कुठे आहे? धागाभर त्याच्यावर चर्चा आणि तोच दिसत नाही.

मौदेकर
८ जून, रात्री ९:४०

तो टायरच्या आत गेला हो. आता पुढच्या पंचरलाच दिसेल.

मेस्त्री_हिंगणा
८ जून, रात्री ९:५५

मौदेकर, रागावू नका. फोटो मोठा करून बघा. डाव्या टायरच्या नक्षीचं टोक वर आहे, उजव्याचं खाली. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं की दोन्हींचं टोक वर हवं. तुमचं उजवं टायर उलटं चढलंय.

मौदेकर
८ जून, रात्री १०:२०

टॉर्च घेऊन बघून आलो. टायरवर बाणही आहे. उलटाच आहे.

टायर तसंच ठेवून चाकच फिरवून बसवलं तर?

मेस्त्री_हिंगणा
८ जून, रात्री १०:३०

नक्षी सरळ होईल, पण लग रिंगच्या मधोमध नसतात. ते चाक आत किंवा बाहेर सरकेल आणि दोन बाजूंचं अंतर सारखं राहणार नाही. म्हणून तर पहिल्या दिवशी खुणा करायला सांगितल्या होत्या. टायर आहे तसं उलटंच ठेवलं तर मिरवणुकीला चालेल, पण चिखलात उलट्या नक्षीत माती भरत जाते. टायर उतरवा, पलटा, परत चढवा. आता कड चिकटलेली नाही, पाऊण तासाचं काम आहे.

मौदेकर
९ जून, सकाळी ६:४५

उतरवलं. तर्री भाऊ, हा घ्या तुमच्या तुकड्याचा फोटो.